तुमच्या मैदानावर कोणते पुस्तक चालते? अमेरिकेतील बेसबॉलच्या नियमपुस्तिका नवख्या पालकांसाठी

पहिल्या बेसवर रनर उभा आहे. पिचर चेंडू टाकण्याच्या पवित्र्यात येतो, क्षणभर स्थिर थांबायचे विसरतो आणि तसाच चेंडू फेकतो. अंपायर ‘बॉक’ (पिचरची नियमबाह्य हालचाल) असे ओरडतो, पण तोवर चेंडू हातातून सुटलेला असतो आणि बॅटर तो थेट कुंपणापलीकडे भिरकावतो. टीव्हीवर दिसणाऱ्या व्यावसायिक सामन्यात हा होम रन धरला जातो आणि दोन धावा फळ्यावर लागतात. हायस्कूलच्या मैदानावर अगदी हेच घडले, तर बॉक होताक्षणीच चेंडू ‘डेड’ ठरतो, म्हणजे खेळ तेथेच थांबतो. रनरला एक बेस पुढे पाठवतात, बॅटरला परत बोलावून उभे करतात आणि तो देखणा फटका कोणी मारलाच नव्हता असे धरून खेळ पुढे चालू होतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लिटल लीगमध्ये तर बॉकचा दंडच अस्तित्वात नाही. तिन्ही मैदानांवरचे अंपायर आपापल्या जागी बरोबर आहेत.

क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जाते. हॅरिस शील्डचा शालेय सामना असो वा वानखेडेवरची कसोटी असो, पायचीत तो पायचीतच. एमसीसीचे नियम सगळीकडे पायाला असतात आणि त्यांवर स्पर्धेनुसार काही अटी चढवलेल्या असतात. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये पायाच वेगवेगळा असू शकतो. व्यावसायिक, महाविद्यालयीन, शालेय आणि बालगटाच्या संस्था स्वतंत्र आहेत, त्यांची पुस्तके स्वतंत्र आहेत आणि एकाच शब्दाच्या व्याख्याही कधी कधी जुळत नाहीत. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमध्ये स्थिरावलेल्या ज्या मराठी घरांतील मुले शाळेतून परत येऊन ग्लोव्ह शोधू लागली आहेत, त्या घरांतील पालकांसाठी, आणि विशेषतः स्कोअरबुक हाती पडलेल्या किंवा साहाय्यक प्रशिक्षक म्हणून उभे राहावे लागलेल्या आई-वडिलांसाठी, हे मार्गदर्शन आहे. खेळाची प्राथमिक ओळख, म्हणजे चार बेस, तीन स्ट्राइक आणि चार बॉल, येथे गृहीत धरली आहे.

पहिली पायरी: पुस्तक ओळखा

मुलाचे नाव नोंदवताना गणवेशाचे माप विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: ‘ही लीग कोणत्या नियमपुस्तिकेनुसार खेळते?’ उत्तर साधारणपणे चारांपैकी एक येते.

मेजर लीग बेसबॉल या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे पुस्तक ‘ऑफिशियल बेसबॉल रूल्स’ या नावाने ओळखले जाते. २०१५ मध्ये त्याची नव्याने मांडणी होऊन नऊ प्रकरणे झाली, आणि ते संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. महाविद्यालयांसाठी एनसीएए ही संस्था स्वतःचे पुस्तक काढते. हायस्कूलचे पुस्तक एनएफएचएस या राष्ट्रीय महासंघाचे असते. त्याचे मुख्यालय इंडियानापोलिस येथे आहे आणि प्रत्येक राज्याची शालेय क्रीडा संघटना ते आपल्या राज्यात लागू करते. चौथे पुस्तक लिटल लीगचे. ही संस्था पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे १९३९ मध्ये कार्ल स्टॉट्झ यांनी सुरू केली, आणि तिची नियमावली मुलांचे वय, मैदानाचा आकार व सहभागाची हमी डोळ्यांपुढे ठेवून रचलेली आहे. यांखेरीज पोनी, बेब रूथ, यूएसएसएसए यांसारख्या संस्था आहेत. त्या बहुतांशी व्यावसायिक पुस्तक पायाला घेतात आणि त्यावर आपापल्या दुरुस्त्या जोडतात.

नवखा माणूस येथे एक चूक हमखास करतो. एकदा पुस्तक कळले की सारे कळले, असे तो समजतो. प्रत्यक्षात नियम थरांनी येतात. मूळ पुस्तकावर राज्य संघटनेचे किंवा स्पर्धेचे निर्णय असतात, त्यावर तुमच्या गावच्या लीगचे स्थानिक उपनियम असतात, आणि सर्वांत वर त्या दिवशीचे मैदानी नियम असतात, जे सामन्यापूर्वी होम प्लेटपाशी अंपायर दोन्ही प्रशिक्षकांना सांगतो: उजवीकडच्या झाडाला चेंडू लागला तर काय, कुंपणाखालून गेला तर किती बेस. आपल्या वाड्यातील ‘एक टप्पा आऊट’ किंवा ‘जोशांच्या गच्चीवर गेला तर आऊट’ या थाटाचेच हे नियम आहेत. फरक इतकाच की येथे ते औपचारिकपणे सांगितले जातात. मात्र वरच्या थराला खालचा थर हवा तसा बदलता येत नाही. पुस्तकात जेथे ‘स्थानिक लीगने ठरवावे’ किंवा ‘राज्याने स्वीकारल्यास’ असे म्हटले आहे, तेवढ्याच जागा मोकळ्या असतात. त्यामुळे मूळ पुस्तकाबरोबर स्थानिक उपनियमांची प्रतही लीगच्या चिटणीसाकडून मागून घ्यावी. ती दोन-तीन पानांपेक्षा मोठी क्वचितच असते.

एकच मुलगा वर्षभरात दोन पुस्तकांखाली खेळतो, हेही ध्यानात असू द्यावे. हायस्कूलचा खेळाडू वसंतात शाळेसाठी एनएफएचएसच्या नियमांनी खेळतो आणि उन्हाळ्यात एखाद्या ट्रॅव्हल (गावोगावी जाऊन स्पर्धा खेळणाऱ्या) संघातून व्यावसायिक पुस्तकावर आधारलेल्या स्पर्धेत उतरतो. एप्रिलमध्ये चाललेली गोष्ट जुलैमध्ये का चालली नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा येथे असते.

दुसरी पायरी: मैदानाची मापे आणि डावांची संख्या

व्यावसायिक, महाविद्यालयीन आणि हायस्कूलच्या मैदानांवर दोन बेसमधील अंतर ९० फूट आणि पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच असते. लिटल लीगच्या मेजर गटात, म्हणजे साधारण ९ ते १२ या वयात, हीच अंतरे ६० फूट आणि ४६ फूट होतात. त्यापुढच्या मधल्या गटाला ‘फिफ्टी-सेव्हन्टी’ म्हणतात, कारण तेथे चेंडू ५० फुटांवरून टाकला जातो आणि बेस ७० फुटांवर असतात. वयाचा हिशेब लिटल लीगमध्ये ३१ ऑगस्ट या तारखेला धरून होतो. इतर संस्थांच्या तारखा निराळ्या असू शकतात, म्हणून मुलगा एका संस्थेत बारा वर्षांचा आणि दुसऱ्या संस्थेत अकरा वर्षांचा ठरला तर कागदपत्रांत चूक झाली असे समजू नये.

डाव व्यावसायिक व महाविद्यालयीन सामन्यात नऊ, हायस्कूलमध्ये सात आणि लिटल लीगच्या मेजर गटात सहा. पावसाने सामना थांबला तर तो पूर्ण धरण्यासाठी मोठ्या मैदानांवर पाच डाव व्हावे लागतात, सहा डावांच्या लिटल लीगमध्ये चार. यजमान संघ आघाडीवर असेल तर दोन्हीकडे अर्धा डाव कमी पुरतो.

तिसरी पायरी: रनर बेस केव्हा सोडू शकतो

लहान मैदानावरचा खेळ टीव्हीवरच्या खेळापेक्षा वेगळा वाटतो याचे सर्वांत मोठे कारण हे आहे. मोठ्या मैदानावर रनर चेंडू टाकला जाण्यापूर्वीच बेसपासून काही पावले पुढे सरकून उभा राहतो, आणि पिचर त्याला धरण्यासाठी मध्येच बेसवर चेंडू फेकतो. लिटल लीगच्या मेजर गटात आणि त्याखाली ही मुभा नाही. पिचर चेंडू घेऊन पट्टीवर उभा राहिला आणि कॅचर तयार झाला की, टाकलेला चेंडू बॅटरपर्यंत पोहोचेतो रनरने बेसला चिकटून राहिलेच पाहिजे. साठ फुटांच्या अंतरावर आगाऊ सरकण्याची परवानगी दिली असती, तर दहा-अकरा वर्षांच्या कॅचरला पुढच्या बेसची एकही चोरी रोखता आली नसती आणि प्रत्येक वॉकचा (चार बॉलवर मिळालेल्या पहिल्या बेसचा) दुहेरी फटका झाला असता.

रनर लवकर निघाला तर काय? बाकांवरून ‘आऊट, आऊट’ असा गलका होतो, पण तो चुकीचा आहे. लिटल लीगमध्ये अंपायर रुमाल किंवा झेंडी टाकून खूण करतो, खेळ पूर्ण होऊ देतो आणि नंतर रनरना परत कोठे पाठवायचे ते ठरवतो. केवळ लवकर निघाल्याबद्दल कोणी बाद होत नाही.

याच वयाच्या पोनी संस्थेच्या ब्रोंको गटात, ११-१२ वर्षांची मुले ७० फुटांच्या मैदानावर मोठ्यांप्रमाणेच आगाऊ सरकून खेळतात. त्यामुळे ‘बारा वर्षांच्या मुलांचा नियम’ असे सरसकट बोलण्यात अर्थ नाही.

तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो, अर्थात पहिला बेस मोकळा असेल किंवा दोन बाद झाले असतील तर. हा नियम व्यावसायिक खेळापासून लिटल लीगच्या मेजर गटापर्यंत सर्वत्र आहे. लिटल लीगच्या त्याखालच्या मायनर गटात मात्र बॅटर तेथेच बाद होतो. मायनरमधून मेजर गटात आलेले मूल पहिल्या काही सामन्यांत तिसऱ्या स्ट्राइकनंतर मान खाली घालून डगआऊटकडे (संघाच्या बाकांकडे) चालू लागते, आणि चेंडू मागे कुंपणाशी लोळत असतो. घरी एकदा हे सांगून ठेवावे.

चौथी पायरी: चेंडू मोजा

माझ्या मते पालकाने सर्वांत काळजीपूर्वक वाचावा असा भाग हा आहे, कारण इतर नियमांनी सामना हरतो किंवा जिंकतो, या नियमाने खांदा आणि कोपर वाचते.

लिटल लीगने २००७ पासून डावांऐवजी टाकलेल्या चेंडूंची मर्यादा लागू केली. एका दिवसात ७-८ वर्षांच्या पिचरने ५०, ९-१० वर्षांच्याने ७५, ११-१२ वर्षांच्याने ८५, १३ ते १६ वर्षांच्याने ९५ आणि त्यावरील मुलाने १०५ चेंडूंपर्यंत टाकावे, असे हे प्रमाण आहे. एखाद्या बॅटरसमोर असताना मर्यादा गाठली गेली, तर तो बॅटर संपेपर्यंत पिचरला चालू ठेवता येते. त्यानंतर विश्रांतीचा हिशेब येतो. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांनी २० किंवा त्याहून कमी चेंडू टाकले तर विश्रांतीचे बंधन नाही. २१ ते ३५ साठी एक, ३६ ते ५० साठी दोन, ५१ ते ६५ साठी तीन आणि ६६ पासून पुढे चार दिवसांची विश्रांती घ्यावी लागते. हे दिवस पंचांगातले पूर्ण दिवस असतात. अकरा वर्षांच्या मुलाने शनिवारी ५२ चेंडू टाकले, तर रविवार, सोमवार आणि मंगळवार विश्रांतीचे, आणि बुधवारी तो पुन्हा टाकू शकतो. पन्नासाव्या चेंडूवर त्याला थांबवले असते तर मंगळवारचा सामना हाती राहिला असता. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक ३५ आणि ५० या आकड्यांपाशी डगआऊटमधून उठून उभे राहताना दिसतात.

पिचर आणि कॅचर ही दोन्ही कामे एकाच मुलाला एकाच दिवशी देण्यावरही बंधने आहेत. ४१ किंवा अधिक चेंडू टाकलेला पिचर त्या दिवशी कॅचर म्हणून उभा राहू शकत नाही, आणि चार किंवा अधिक डाव कॅचर राहिलेल्या मुलाला त्या दिवशी पिचर करता येत नाही.

हायस्कूलमध्ये २०१७ च्या हंगामापासून एनएफएचएसने प्रत्येक राज्य संघटनेला चेंडूंवर आधारलेले धोरण करणे बंधनकारक केले. पण आकडे राज्याने ठरवायचे असल्यामुळे ते राज्यागणिक बदलतात. शेजारच्या राज्यातील नातलगाने सांगितलेला आकडा आपल्या मुलाला लावू नये. महाविद्यालयीन आणि व्यावसायिक पुस्तकांत अशी मर्यादा नाही. तेथे हा निर्णय संघाचा असतो.

या व्यवस्थेतील खरी फट अशी की प्रत्येक संस्था आपल्याच मैदानावरचे चेंडू मोजते. शनिवारी लिटल लीगसाठी ६० चेंडू टाकलेला मुलगा रविवारी दुसऱ्या गावी ट्रॅव्हल स्पर्धेत पुन्हा माऊंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभा राहिला, तर तेथील स्कोअररला आदल्या दिवसाचे काहीच ठाऊक नसते. एका साध्या वहीत तारीख, सामना आणि चेंडूंची संख्या पालकांनीच लिहून ठेवावी. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची वयानुसार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. वही भरताना तीच समोर ठेवावीत.

पाचवी पायरी: बॉक आणि पिचरची लबाडी

पिचरने रनरला फसवू नये, एवढाच बॉकच्या नियमाचा गाभा आहे; गुंता आहे तो तपशिलात. सुरुवातीला सांगितलेला फरक पुन्हा नेमकेपणाने मांडतो. व्यावसायिक पुस्तकानुसार बॉकनंतरही चेंडू टाकला गेला, आणि त्यावर बॅटर पहिल्या बेसवर पोहोचून प्रत्येक रनर किमान एक बेस पुढे गेला, तर बॉक विसरला जातो आणि खेळ जसाच्या तसा उभा राहतो. तसे घडले नाही तरच चेंडू डेड धरून रनरना एकेक बेस मिळतो. एनएफएचएसच्या पुस्तकात पुढे काय घडले याला महत्त्वच नाही.

आणखी दोन गोष्टी हायस्कूलमध्ये निराळ्या आहेत. पूर्ण वाइंडअपच्या (संपूर्ण अंगाची लांब हालचाल करून चेंडू टाकण्याच्या) पवित्र्यात उभा असलेला पिचर व्यावसायिक सामन्यात तेथूनच पाऊल टाकून बेसवर फेकू शकतो. हायस्कूलमध्ये त्याला आधी पट्टीवरून पाय मागे घ्यावा लागतो, नाहीतर बॉक होतो. याउलट तिसऱ्या बेसकडे फेकण्याचे नुसते सोंग करणे मेजर लीगने २०१३ मध्ये बंद केले, पण हायस्कूलमध्ये ते चालत आले आहे. म्हणजे एका बाबतीत शाळा कडक आहे आणि दुसऱ्यात सैल.

टीव्हीवर कोपऱ्यात दिसणारे घड्याळ २०२३ मध्ये आले. बेस रिकामे असताना पिचरला १५ सेकंद आणि रनर असताना आरंभी २० सेकंद मिळत. २०२४ मध्ये २० चे १८ झाले. त्याच वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, एका बॅटरसमोर पिचरला दोनदाच पट्टी सोडण्याची किंवा बेसवर फेकण्याची मुभा राहिली. तिसऱ्या प्रयत्नात रनर बाद झाला नाही तर बॉक. दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर असण्याची सक्ती आणि १५ इंचांऐवजी १८ इंचांचे बेस हेही तेव्हाचेच बदल आहेत. यांतले बरेचसे प्रेक्षकांच्या वेळेचा आणि सामन्याच्या रंगतीचा विचार करून केलेले असल्यामुळे ते मुलांच्या मैदानावर आपोआप लागू होत नाहीत. सर्व खेळाडू एका बाजूला उभे केल्याबद्दल लिटल लीगच्या प्रशिक्षकाला कोणी दटावणार नाही.

सहावी पायरी: स्लाइड आणि टक्कर

‘बेसवर पोहोचताना स्लाइड केलीच पाहिजे’ हे वाक्य कोणत्याही मैदानावर आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येते. असा नियम या चारांपैकी कोणत्याही पुस्तकात नाही. लिटल लीग म्हणते की, क्षेत्ररक्षक चेंडू हातात घेऊन टॅग करण्यासाठी (चेंडूसह रनरला शिवून बाद करण्यासाठी) थांबलेला असेल, तर रनरने स्लाइड करावी किंवा त्याला वळसा घालून जाण्याचा प्रयत्न करावा. दोन्ही केले नाही तर तो बाद. पुढच्या बेसकडे डोके पुढे करून झेपावणे मात्र मेजर गटात व त्याखाली मना आहे आणि त्याबद्दल रनर बाद होतो. मागच्या बेसवर परतताना ते चालते.

हायस्कूलचे पुस्तक या बाबतीत सर्वांत काटेकोर आहे. सक्तीच्या बेसवर (मागून दुसरा येत असल्याने जेथे जावेच लागते अशा) रनर स्लाइड करत असेल तर त्याने बेसच्या सरळ रेषेत, आवाक्यात राहून केली पाहिजे, किंवा क्षेत्ररक्षकापासून दूर वळून गेले पाहिजे; डबल प्ले (एकाच खेळात दोघांना बाद करणे) मोडण्यासाठी क्षेत्ररक्षकाच्या पायांत घुसला, तर तो स्वतः आणि बॅटर-रनर असे दोघेही बाद दिले जातात. जाणूनबुजून जोरात धडक दिली तर खेळाडू बाद तर होतोच, शिवाय सामन्याबाहेर काढला जातो.

व्यावसायिक खेळ या मुद्द्यावर उशिरा जागा झाला, आणि दोन्ही वेळा हाड मोडल्यानंतर. मे २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर बस्टर पोझी होम प्लेटवरील धडकेत जबर जखमी झाला. २०१४ मध्ये होम प्लेटवरील टकरीचा नियम आला. ऑक्टोबर २०१५ मध्ये चेस अट्लीच्या स्लाइडमध्ये रुबेन तेहादाचा पाय मोडला. २०१६ पासून दुसऱ्या बेसवरील स्लाइडवर बंधने आली. जुने सामने पाहून मुलगा टकरीचे शिक्षण घेत असेल, तर हा इतिहास त्याला सांगण्याजोगा आहे.

अडथळ्याचा नियमही तपासून पाहावा. चेंडू हातात नसताना क्षेत्ररक्षकाने रनरची वाट अडवली, तर हायस्कूलमध्ये रनरला किमान एक बेस मिळतोच, आणि चेंडू नसताना टॅगचे खोटे नाटक करणे हाही तेथे अडथळाच मानला जातो. व्यावसायिक पुस्तकात, ज्या रनरवर त्या क्षणी बाद करण्याचा प्रयत्न चालू नव्हता, त्याला काय द्यायचे हे अंपायर परिस्थिती पाहून ठरवतो, आणि कधी कधी काहीच मिळत नाही.

सातवी पायरी: कोण बाहेर गेला, कोण परत येऊ शकतो

स्कोअरबुक लिहिणाऱ्याला घाम फुटतो तो येथे. व्यावसायिक सामन्यात बाहेर गेलेला खेळाडू त्या दिवसापुरता संपला. हायस्कूलमध्ये सुरुवातीच्या संघातील खेळाडू एकदा बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकतो, मात्र फलंदाजीच्या क्रमात त्याच्या मूळ जागीच. लिटल लीगमध्येही सुरुवातीचा खेळाडू परत येऊ शकतो, पण त्याच्या जागी आलेल्या मुलाने एकदा फलंदाजी आणि सलग सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण केल्यानंतरच. यामागे ‘सक्तीचा सहभाग’ हे तत्त्व आहे: नियमित हंगामात प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात किमान सहा बाद होईपर्यंत मैदानात उभे करायचे आणि किमान एकदा बॅट हातात द्यायची. अनेक लीगमध्ये हजर असलेली सर्व मुले क्रमाने फलंदाजी करतात, आणि मग बदलीचा अर्धा गुंता आपोआप सुटतो.

डेझिग्नेटेड हिटर व्यावसायिक खेळात केवळ पिचरच्या ऐवजी फलंदाजी करतो, आणि २०२२ पासून मेजर लीगच्या अमेरिकन व नॅशनल या दोन्ही शाखांत तो आहे; हायस्कूलमध्ये तो कोणत्याही एका खेळाडूच्या ऐवजी खेळू शकतो. राज्याने स्वीकारले असल्यास हायस्कूलमध्ये पिचर आणि कॅचर यांच्यासाठी सौजन्य-रनर (त्यांच्याऐवजी फक्त धावणारा) पाठवता येतो, आणि पिचर-कॅचर सामन्यात कायम राहतात. त्या दिवशी अन्य भूमिकेत खेळून झालेल्या मुलाला हे काम देता येत नाही, म्हणून बाकावरचे एक नाव राखून ठेवणे शहाणपणाचे.

आठवी पायरी: बॅट विकत घेण्यापूर्वी

हे मी स्वतःच्या खिशाला चाट बसल्यावर शिकलो. मुलाच्या वाढदिवसाला एक चकचकीत, हलकी, बऱ्यापैकी महाग बॅट आणली. पहिल्याच लीग सामन्यापूर्वी अंपायरने ती हातात घेऊन शिक्का पाहिला आणि हसून परत दिली. शिक्का यूएसएसएसएचा होता आणि आम्ही खेळत होतो लिटल लीग.

लिटल लीगच्या मेजर गटात १ जानेवारी २०१८ पासून ‘यूएसए बेसबॉल’ असा शिक्का असलेलीच बॅट लागते, किंवा अखंड लाकडाची चालते. लांबी ३३ इंचांपर्यंत आणि व्यास २.६२५ इंचांपर्यंत. यूएसएसएसएच्या शिक्क्याची बॅट त्या संस्थेच्या स्पर्धांत चालते, येथे नाही. हायस्कूलमध्ये २०१२ पासून आणि महाविद्यालयांत २०११ पासून बीबीसीओआर हे मानक लागू आहे. त्यात बॅटची उसळी मर्यादित केलेली असते आणि इंचांतील लांबी व औंसांतील वजन यांत तीनपेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणजे ३३ इंचांची बॅट किमान ३० औंसांची हवी. व्यावसायिक खेळात फक्त अखंड लाकूड. मूल आठवीतून नववीत जात असेल, तर आदल्या वर्षीची बॅट चालेल असे धरून चालू नये. आणि दुकानातील विक्रेत्याला वय सांगण्याऐवजी शिक्क्याचे नाव सांगावे.

नववी पायरी: सामना केव्हा संपतो

मेजर लीगमध्ये वीस धावांनी पिछाडी असली तरी नऊ डाव होतात. लिटल लीगच्या मेजर गटात तीन डावांनंतर १५ किंवा चार डावांनंतर १० धावांची आघाडी झाली की सामना संपतो. हायस्कूलमध्ये पाच डावांनंतर दहा धावांचा नियम बहुतेक ठिकाणी आढळतो, पण तो स्वीकारणे राज्याच्या हाती आहे. बरोबरीनंतरच्या डावांत दुसऱ्या बेसवर आयता रनर ठेवण्याची पद्धत मेजर लीगने २०२० मध्ये आणली आणि २०२३ मध्ये कायम केली, तीही केवळ नियमित हंगामापुरती. बाद फेरीत ती नाही. वेळेची मर्यादा, अंधार, एका डावातील धावांची कमाल संख्या हे सर्व स्थानिक उपनियमांत शोधावे.

दहावी पायरी: हरकत कशी घ्यावी

प्रथम हे पाहावे की वाद नियमाचा आहे की नजरेचा. चेंडू स्ट्राइक होता का, रनर आधी पोहोचला का, हा नजरेचा प्रश्न आहे आणि त्यावर कोणत्याही पुस्तकानुसार हरकत नोंदवता येत नाही. नियम चुकीचा लावला असे वाटत असेल, तर लिटल लीगमध्ये संघाच्या मॅनेजरने पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वीच अंपायरला अधिकृत हरकत नोंदवायला सांगावे लागते. घरी जाऊन पाठवलेल्या ईमेलला काही अर्थ उरत नाही. हायस्कूलमध्ये अशी हरकत मान्य करायची की नाही हे राज्य ठरवते, आणि मेजर लीगच्या पुस्तकात आता ती मुळीच मान्य नाही.

‘अपील’ ही वेगळी गोष्ट आहे. रनरने तिसरा बेस न शिवता धाव काढली असे वाटले, तर व्यावसायिक आणि लिटल लीगच्या नियमांनुसार खेळ पुन्हा सुरू करून, चेंडू हातात घेऊन तो बेस शिवावा लागतो. हायस्कूलमध्ये चेंडू डेड असतानाही प्रशिक्षक तोंडी अपील करू शकतो. लिटल लीगमधून वर गेलेले प्रशिक्षक ही सवलत विसरतात आणि उगाच चेंडू फेकाफेकीत चूक करून बसतात.

हरकत घेताना ‘टीव्हीवर तर असे नसते’ हे वाक्य टाळावे. अंपायरला ते दिवसातून अनेकदा ऐकावे लागते. त्याऐवजी, ‘आपण आज कोणत्या नियमानुसार हे दिले?’ एवढेच शांतपणे विचारावे; तोही बहुधा शनिवारची सुट्टी देऊन आलेला कोणाचा तरी बाप असतो.

यंदा, म्हणजे २०२६ च्या हंगामापासून, मेजर लीगमध्ये बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्यावर थाप मारून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतात आणि यंत्र निकाल सांगते. तुमचा दहा वर्षांचा मुलगा तिसऱ्या स्ट्राइकनंतर हेल्मेटवर थाप मारून अंपायरकडे पाहू लागला, तर त्याला डगआऊटमध्ये बोलावून घ्या.